सिस्टरची झोप

हान्नेस : ...पुन्हा सांगतो, ट्रक निघालाय. डबर आणि माती, दोन्ही येतंय. दुपारपर्यंत हा पोहायचा तलाव बुजला की ही रोजची कटकट तरी मिटेल.

डालीन : बुजला की, म्हणे! दाढेतला खड्डा आहे का तो? सोमवारी माझी पोरं येणारेत पोहायला शिकायला. त्यांना काय मातीत हातपाय मारायला लावू?

हान्नेस : त्यांच्या आयांना फोन कर.

डालीन : तूच कर. ट्रकवाल्याला बरा लागला तुझा फोन. मला न विचारता.

हान्नेस : काय?

डालीन : मला न विचारता, म्हटलं!

हान्नेस : बघ! स्वतःच्या अंगणात नवराबायकोला एकमेकांचं ऐकू येत नाही. त्या पंपापायी. नुसती खडखड, खडखड. आणि मीटर? परवाच पैसे टाकून विजेचे युनिट भरले, आज संपत आले म्हणून पुन्हा टीं टीं करत बसलाय. माझी पेन्शन तो पंप पितोय, डालीन, आणि आपण नुसते बघतोय.

खोमोत्सो : कुणी आहे का? फाटक उघडं होतं म्हणून सरळ मागेच आले.

डालीन : घ्या, हीच राहिली होती. ये गं खोमोत्सो. अगं, गणवेशातच? रात्रपाळी करून घरी नाही गेलीस?

खोमोत्सो : गेले. आडवी झाले, कानात कापूस घातला, डोक्यावर उशी घेतली. माझी झोपायची खोली तुमच्या पंपाच्या भिंतीला लागून आहे, विसरलात? रात्रभर बाळंतपणांवर बाळंतपणं केली, पहाटे जुळी झाली, आणि घरी येऊन डोळ्याला डोळा नाही. सगळी पोरं तुम्हाला तान्नी आणि यांना ऊम म्हणतात, मावशी-काका म्हणावं तसं, म्हणून मीही म्हणते, मान देते. पण आज मी भांडायला आलेय, बरं का. आधीच सांगून ठेवते.

डालीन : भांड. पण बसून भांड. कॉफी ओतू? रस्क पण आहेत, कालच भाजलेत.

खोमोत्सो : कॉफी नको, झोप उडेल. उडायला आधी यायला हवी म्हणा. रस्क द्या.

हान्नेस : भांडायची गरजच नाही, सिस्टर. आजचा दिवस कळ काढा. संध्याकाळपासून आवाज कायमचा बंद.

खोमोत्सो : अरे वा! नवा पंप आणला, ऊम हान्नेस?

हान्नेस : पेन्शनीत नवा पंप बसतो होय? तलावच बुजवतोय.

खोमोत्सो : काय बुजवताय?

डालीन : तलाव! तुझ्या त्या मेसेजची कृपा. गल्लीच्या ग्रुपवर लिहिलंस ना, आमच्या भिंतीमागे कुणी दगड दळतंय का म्हणून? सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. हा माणूस त्या रात्री जेवला नाही.

हान्नेस : जेवलो होतो.

डालीन : बटाट्यांना हात लावला नाहीस. मला म्हणाला, ती बाई रात्रभर लोकांची पोरं जगात आणते आणि आपण तिला दिवसा झोपू देत नाही, मला लाज वाटते. म्हणालास की नाही?

हान्नेस : म्हणालो असेन.

खोमोत्सो : अहो, मी आवाज बंद करा म्हणाले! तलाव बंद करा कधी म्हणाले? डोकं दुखतंय म्हणून आलेल्या बाईचं मी डोकंच उडवते का?

हान्नेस : मोटर गेलीय, सिस्टर. पंपवाल्याला फोनवर आवाज ऐकवला. गेली म्हणाला. म्हणूनच वीज खातेय.

खोमोत्सो : फोनवर? माझ्या वॉर्डात असं कुणी केलं असतं तर दारात उभं केलं नसतं त्याला. रोग्याला हात कुणी लावला?

हान्नेस : ...कुणी नाही.

खोमोत्सो : आणि तान्नी, तुम्ही रडलात का हो? डोळे बघा कसे झालेत.

डालीन : रडू नको तर काय करू? केस पिकले नव्हते तेव्हापासून शिकवतेय मी इथे. धड चालता न येणारी पोरं येतात. पाण्यात पडलं की पाठीवर वळायचं, नाक वर, पोट वर, आणि आई येईपर्यंत तरंगत राहायचं. एवढंच शिकवते. बाकीचं पोहणं मागाहून येतं. हे काढून घेतलं ना माझ्याकडून, तर मी करायचं काय? त्या मातीवर गुलाब लावू? नुसती एक म्हातारी उरेन मी, खोमोत्सो. खरं सांगते.

हान्नेस : मला काय आवडतंय का ते! पण दुसरा मार्ग सांग ना.

खोमोत्सो : ऊम हान्नेस, इकडे बघा. डिसेंबरच्या उन्हाळी सुट्ट्यांत माणसं कमी पडली की मला खाली अपघात विभागात बोलावतात. तेव्हा जी पोरं आणतात ना, कुणाच्या तरी तलावातून काढलेली... जाऊ दे, पुढचं नाही सांगत. पण त्या आयांकडे बघून दर वेळी मनात येतं, हिला आमच्या तान्नीचं घर ठाऊक असतं तर. तलाव बुजवायचा नाही. माझी झोप गेली तरी चालेल.

डालीन : अगं, तू भांडायला आली होतीस ना?

खोमोत्सो : भांडतेच आहे. आता तुमच्या नवऱ्याशी. उठा, ऊम. रोगी दाखवा.

हान्नेस : हा इथे. पण ते पिशवीतून काय काढताय? पंपाला स्टेथोस्कोप?

खोमोत्सो : पोटातल्या पोराचे ठोके ऐकते मी, मोटर काय चीज आहे! सरका, सावली येतेय तुमची. आधी मागची बाजू. श्श्... अहो, ही तर छान गुणगुणतेय. हात लावून बघा, फार तापलेली पण नाही. तुमच्या पंपवाल्याला सांगा, मोटर जिवंत आहे.

हान्नेस : मग खडखड कशाची?

खोमोत्सो : पुढून येतेय. या तोंडाशी. बापरे! घाला कानात, तुम्हीच ऐका.

हान्नेस : ...अरे! आत कुणी खडी चाळतंय.

खोमोत्सो : आणि वरच्या पारदर्शक झाकणातून बघा. आत अर्धंच पाणी, बाकी नुसते बुडबुडे. याला पाणी पोचतच नाहीये. धाप लागलीय बिचाऱ्याला. कुठेतरी नरडं आवळलंय याचं.

डालीन : पण मी टोपली रोज साफ करते! तलावाचं पाणी ज्या तोंडातून आत जातं ना, तिथली टोपली. या दिवसांत अख्ख्या प्रिटोरियाचा नीलमोहर आमच्याच तलावात पडतो की काय असं वाटतं. सगळं पाणी जांभळं. रोज सकाळी उपसते मी. उलट मी तर टोपलीवर पायमोजापण चढवते.

खोमोत्सो : पायमोजा?

डालीन : नायलॉनचा, लांब. चर्चला जाताना घालायचे ते. जुने झाले की टोपलीला. बारीक कचरा अडतो त्यात. सगळ्याच बायका करतात गं, त्यात काय एवढं?

हान्नेस : माझा त्यात हात नाही.

डालीन : तुझा कसा नाही? मागचा पायमोजा तूच फेकलास!

हान्नेस : कुठला?

डालीन : बदामी रंगाचा. चर्चच्या जत्रेच्या दिवशी सकाळी बघते तर टोपली उघडी. विचारलं तर म्हणालास, मी कशाला तुझ्या मोज्यांना हात लावू. दोन दिवस बोलले नव्हते मी तुझ्याशी.

हान्नेस : त्याच्यासाठी बोलत नव्हतीस? मला वाटलं जत्रेत मी तुझ्या बहिणीच्या केकला नावं ठेवली म्हणून.

डालीन : त्याच्यासाठी पण.

खोमोत्सो : थांबा, थांबा, दोघंही थांबा. ही खडखड सुरू कधी झाली?

हान्नेस : झाली असेल... जत्रेनंतरच की.

खोमोत्सो : आणि माझा मेसेज त्याच आठवड्यातला. तान्नी, तुमचा मोजा कुणी फेकला नाही. पंपाने गिळलाय.

डालीन : अरे देवा!

खोमोत्सो : बंद करा आधी. इथून नाही, ऊम हान्नेस, भिंतीवरच्या मोठ्या बटणापासून. चालू यंत्रात मी हात घालायची नाही, माझी बोटं अजून लागणारेत लोकांना.

हान्नेस : केला बंद.

खोमोत्सो : आहाहा... काय शांत वाटलं. नको, आत्ता नको, उभ्याउभ्या झोप लागेल मला. तान्नी, माझं घड्याळ धरा. चला, तलावाच्या कडेला. टोपली काढा. हं, खाली पाइपाचं तोंड आहे... किती गार हो पाणी! दोन बोटं जातायत... थांबा... थांबा...

डालीन : काय? लागलं काही?

खोमोत्सो : लागलं. मऊ आहे. डोकं खाली आहे, पण अडकलंय.

हान्नेस : कसलं डोकं?

खोमोत्सो : तोंडाची सवय हो. टाच म्हणा. बोटांतून निसटतंय. लांब चिमटा हवा. तुमचा तो, निखाऱ्यावरचं मांस परतायचा.

हान्नेस : तो नाही.

खोमोत्सो : म्हणजे?

हान्नेस : तो मी कुणाला देत नाही. जावयाला दिलेला नाही.

डालीन : हान्नेस!

हान्नेस : शनिवार आहे आज! दुपारी सॉसेज भाजायचेत.

डालीन : दुपारी तू तलाव बुजवणार होतास ना? मग सॉसेज कधी भाजणार होतास? मातीच्या ढिगाऱ्यावर बसून? जा, आण!

हान्नेस : ...घ्या. पण उकळत्या पाण्याने धुऊन द्यायचा.

खोमोत्सो : देते, हॉस्पिटलात धुतो तसा धुऊन देते. हं... पकडला. आता ओढाओढ करायची नाही. फाटला तर अर्धा आत राहील. हळू... ये रे बाळा, ये...

डालीन : श्वास सोड. सावकाश. हात सैल...

खोमोत्सो : मला सांगताय की मोज्याला?

डालीन : मी मलाच सांगतेय गं!

खोमोत्सो : सुटतोय... सुटतोय... आला! बघा, केवढा झालाय! सगळा नीलमोहर याच्या पोटात.

डालीन : बदामीच! माझाच आहे!

हान्नेस : मुलगा की मुलगी?

खोमोत्सो : मोजा. नाकीडोळी तान्नीवर गेलाय.

डालीन : हान्नेस, उगीच आळ घेतला मी तुझ्यावर.

हान्नेस : घेतलास. पण ते दोन दिवस घरात फार शांतता होती.

डालीन : चूप!

खोमोत्सो : टोपली बसवा, तान्नी. नुसती टोपली. मोजा चढवायचाच असेल तर तोंडाशी गाठ मारून घट्ट बांधा, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरं बाळंतपण. ऊम, लावा बटण.

हान्नेस : लावतो. ...गुळगुळ करतंय नुसतं.

डालीन : थांब जरा. पाणी चढतंय बघ. चढलं, पार झाकणापर्यंत चढलं!

हान्नेस : बिघडला.

डालीन : आता काय झालं?

हान्नेस : आवाजच येत नाहीये.

खोमोत्सो : येतोय. शहाण्या पंपाचा एवढाच येतो.

डालीन : हान्नेस, ऐक ना. हादेदा पक्षी ओरडतायत छपरावर. आपल्याला हादेदा ऐकू येतायत! एरवी शिव्या देते मी त्यांना. अगं खोमोत्सो, माझ्या छातीवरचा दगड उतरला बघ. मी पुन्हा रडणारे.

हान्नेस : थांब, रडू नको इतक्यात. खडखड गेली, कबूल. पण मीटरचं काय? अन्नाला महाग होऊ अशाने आपण. ट्रकवाल्याला कुठल्या तोंडाने परत पाठवू?

खोमोत्सो : दिवसातून पंप चालतो किती?

हान्नेस : सकाळी थोडा, दुपारी थोडा. घड्याळ लावलंय त्याला.

खोमोत्सो : थोडा? मी संध्याकाळी ड्यूटीला निघते तेव्हा चालू. सकाळी परत येते तेव्हा चालू. सुट्टीच्या रात्री पाणी प्यायला उठले तर चालू.

हान्नेस : शक्यच नाही. घड्याळ मी स्वतः लावलंय. ही बघा पेटी. ही चकती फिरते, तिच्याभोवती या खुंट्या. जी खुंटी दाबाल त्या वेळेला पंप चालणार, वर ओढाल त्या वेळेला थांबणार. सोपं आहे.

डालीन : सगळ्या दाबलेल्या आहेत.

हान्नेस : हो. मीच दाबल्या.

डालीन : हान्नेस...

हान्नेस : लोडशेडिंगमुळे! वीज कधी जाईल, कधी येईल, काही भरवसा होता का? घड्याळात सकाळ लावावी तर नेमकी सकाळीच वीज गुल. मग म्हटलं, सगळ्याच दाबून ठेवू. वीज येईल तेव्हा पंप चालू होईल. तेव्हा वीज असायचीच किती! शेजारच्या चौघांना मीच शिकवलं हे.

खोमोत्सो : तेव्हा बरोबरच होतं. पण ऊम हान्नेस, लोडशेडिंग संपलं.

हान्नेस : कोण म्हणतं?

डालीन : सगळं जग म्हणतं! किती महिने झाले, दिवे गेलेच नाहीत!

हान्नेस : येईल परत. मी ओळखून आहे त्यांना. एवढ्यात विश्वास ठेवणारा मी नव्हे.

डालीन : ऐकलंस? हा माणूस अजून न्हाणीघरात मेणबत्ती ठेवतो. गॅसची शेगडी पलंगाखाली. संध्याकाळ झाली की थर्मासात गरम पाणी भरून ठेवतो. मी म्हटलं, असू दे, म्हातारा झालाय.

खोमोत्सो : म्हणजे वीज जात नाही आणि पंप थांबत नाही. तुम्ही बसलात लोडशेडिंगची वाट बघत, आणि तो बिचारा रात्रंदिवस धावतोय. त्यात नरड्यात मोजा.

हान्नेस : ...रात्रभर पण?

खोमोत्सो : रात्रभर पण. मी साक्षीला उभी राहीन.

डालीन : आपली खोली पुढच्या बाजूला, म्हणून कळलं नाही. आणि तू म्हणालास, माझी पोरं वीज खातात. आठवतंय?

हान्नेस : आठवतंय.

डालीन : पोरं नव्हती खात. तुझ्या खुंट्या खात होत्या.

हान्नेस : चुकलं गं माझं. तुझा तलाव मी... खरंच चुकलं, डालीन. माती टाकून मोकळा झालो असतो मी आज. मग कुणाला कळलं असतं?

डालीन : बरं, बरं. आता तू नको रडूस. दोघांनी एकदम रडायचं नाही असं ठरलंय आपलं. ओढ खुंट्या वर.

हान्नेस : पोरं येतात तेव्हाच्या ठेवतो, आणि दुपारच्या थोड्या. बाकी ओढतो. ही एक रात्रीची तेवढी राहू दे का? समजा, उद्या जर...

डालीन : हान्नेस!

हान्नेस : ओढली, ओढली.

खोमोत्सो : लोडशेडिंग परत आलं ना, ऊम, तर मी भिंतीवरून हाक मारीन. पहिली हाक तुम्हाला. मग दाबा सगळ्या.

(फाटकाबाहेर ट्रकचा भोंगा वाजतो.)

डालीन : आला तो.

हान्नेस : तुम्ही बसा. मी बघतो.

डालीन : काय सांगणारेस त्याला?

हान्नेस : सांगतो, खड्डा होता तो सापडत नाहीये.

डालीन : जा, जा. ...बघ कसा पळतोय. गुडघे दुखतात म्हणे याचे! बस गं तू. त्या लांब खुर्चीवर बस, पाय वर घे. पोरांच्या आया बसतात तिथे.

खोमोत्सो : एक मिनिट बसते. मग जाते घरी. तान्नी, एक सांगू? हसायचं नाही.

डालीन : नाही हसत.

खोमोत्सो : मला पोहता येत नाही. एवढी वर्षं भिंतीपलीकडे राहते, पण पाण्याची भीती वाटते मला. तुमची पोरं खिदळताना ऐकते आणि वाटतं, मेली एवढीशी चिमुरडी, यांना भीती कशी नाही वाटत?

डालीन : वाटते की. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटते. मग मी त्यांच्या मानेखाली हात धरते आणि सांगते, काही करायचं नाही. आपण पाण्याला धरायचं नाही, पाणी आपल्याला धरतं. नाक वर.

खोमोत्सो : नाक वर...

डालीन : पोट वर. हात सैल सोडायचे. मान पण सैल. मी आहे खाली.

खोमोत्सो : ...सोमवारी... मोठ्या माणसांना घेता का हो...

डालीन : तुला घेणार नाही तर कुणाला घेऊ? तू पोरांबरोबर नको येऊस, ती हसतील. पोरं गेली की ये, पाणी तोवर कोमट होतं. हान्नेसला सांगते, फाटक लावून घे. आपण दोघीच. काय? ...खोमोत्सो? ...अगं, रस्क पडेल हातातला. दे इकडे.

हान्नेस : झालं एकदाचं! डबर पुढच्या गल्लीत भिंतीच्या कामाला टाकतो म्हणाला. थोडी माती मी ठेवून घेतली, टोमॅटोला होईल. तो आधी तणतणत होता, मग मी म्हटलं, थांब बाबा, सॉसेज खाऊन जा...

डालीन : श्श्!

हान्नेस : काय झालं?

डालीन : हळू बोल. झोपलीय.

हान्नेस : अरेरे. बसल्याबसल्याच? थांब, पंप बंद करून येतो.

डालीन : राहू दे. चालू असतानाच लागलीय तिला झोप.